मोकळ्या पाण्यातल्या माशाची रक्ततपासणी: आधी घड्याळ, मग सुई

माझ्या पहिल्या मोसमातले बेचाळीस नमुने वाया गेले. रक्त नीट निघालं होतं, यंत्र चोख होतं, प्रयोगशाळेनेही काम वेळेवर केलं होतं. तरी आकडे आले तेव्हा सगळ्याच माशांचं ग्लुकोज चढलेलं, लॅक्टेट चढलेलं, आणि पोटॅशियम इतकं की ते खरं मानलं असतं तर निम्मे मासे हातातच मरायला हवे होते. सांडपाण्याच्या तोंडाशी धरलेले मासे तसेच आणि वरच्या स्वच्छ पट्ट्यातलेही तसेच. कारण साधं होतं. जाळं आम्ही संध्याकाळी लावून पहाटे काढलं होतं. जे मोजलं ते रात्रभर जाळ्यात तडफडलेल्या माशाचं रक्त. नदीबद्दल त्यात काडीचीही माहिती नव्हती.

माणूस दवाखान्यात चालत येतो, खुर्चीत बसतो, बाही वर करतो. मासा तसा येत नाही. त्याच्या रक्तात सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने उमटतं ते आपण त्याला कसं पकडलं हे. त्याचं आरोग्य त्या गोंगाटाखाली दबलेलं असतं. खालच्या सगळ्या पायऱ्या तो गोंगाट कमी करण्यासाठी आहेत, आणि जिथे तो कमी होत नाही तिथे निदान तो किती आहे हे लिहून ठेवण्यासाठी. मी गृहीत धरतो की तुम्ही विद्यार्थी आहात किंवा एखाद्या पाहणीत नव्याने सामील झाला आहात, आणि मासा मारून नाही तर रक्त घेऊन परत सोडायचा आहे.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

'माशांचं आरोग्य बघायचंय' हा प्रश्न नव्हे. पकडून सोडलेला मासा जगेल का, हा प्रश्न आहे. धरणाखालचे मासे उपाशी राहतायत का, हाही. पाण्यात शिसं किंवा संप्रेरकासारखं काम करणारी रसायनं उतरतायत का, हाही प्रश्नच. तिन्हींसाठी रक्तातल्या वेगवेगळ्या गोष्टी मोजाव्या लागतात: पहिल्याला कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक), ग्लुकोज, लॅक्टेट आणि क्षार, दुसऱ्याला एकूण प्रथिनं आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), तिसऱ्याला त्या त्या विषाची खास खूण. नळी कोणती, गोठणरोधक कोणता, रक्त किती, हे सगळं या एका वाक्यावर ठरतं. म्हणून ते आधी.

२. कागदपत्रं

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. निघण्याच्या कित्येक महिने आधी लागा.

– त्या पाण्यात मासे धरण्याचा परवाना, मत्स्य किंवा वन्यजीव खात्याकडून. पकडण्याची पद्धत त्यात नावानिशी लिहिलेली हवी. 'जाळे' म्हणून घेतलेल्या परवान्यावर पाण्यात वीज सोडून मासे धरता येत नाहीत.
– तुमच्या संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी. एका माशाकडून किती रक्त घेणार, सुई कितीदा टोचणार, भूल कोणती, मासा दगावला तर काय करणार, हे सगळं विचारलं जातं.
– संरक्षित प्रजात असेल तर वेगळी परवानगी. नमुने सीमेपार पाठवायचे असतील आणि प्रजात साइट्स (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) याच्या परिशिष्टात असेल, तर रक्ताची नळीसुद्धा त्या करारात मोडते. गोठवलेली पेटी सीमेवर अडकली की आतलं सगळं वितळतं, आणि त्यानंतर परवाना मिळूनही उपयोग नसतो.
– भुलीच्या औषधाचे नियम. मासा पुढे कुणाच्या गळाला लागून खाल्ला जाऊ शकतो. अमेरिकेत एमएस-२२२ हे भुलीचं औषध दिलेला मासा २१ दिवस खाण्यात येऊ नये असा नियम आहे. तुमच्याकडे काय आहे ते लेखी मिळवा.

३. पेटीत काय भराल

– सुया: शंभर-दोनशे ग्रॅमच्या माशासाठी २३ ते २५ गेज, किलोच्या पुढे २१–२२ (गेजचा आकडा लहान तशी सुई जाड). जाड कातडीच्या शार्कसाठी याहून जाड आणि लांब.
– १ आणि ३ मिलिलिटरच्या सिरिंज
– हेपॅरिन. सोडियम मोजणार असाल तर लिथियम हेपॅरिन. सोडियम हेपॅरिनमधलं सोडियम तुमच्याच आकड्यात मिसळतं.
– बारीक काचेच्या केशनळ्या आणि त्या बंद करायची माती
– छोटा सेंट्रिफ्यूज (नळी वेगाने फिरवून पेशी खाली बसवणारं यंत्र) आणि तो चालवायला बॅटरी
– ग्लुकोज आणि लॅक्टेटची हातातली यंत्रं, भरपूर पट्ट्या
– प्रथिनांसाठी रिफ्रॅक्टोमीटर
– बर्फाची पेटी, सुका बर्फ किंवा द्रव नायट्रोजन
– फोमचा तुकडा, मधोमध इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडलेला
– ओली फडकी, हातमोजे, वापरलेल्या सुयांचा कडक डबा
– दोन स्टॉपवॉच. एक नाही, दोन.
– पेन्सिल, आणि थंडीत न सुटणारी लेबलं

शेवटच्या ओळीला हसू नका. मार्करने लिहिलेलं नाव ओल्या, अल्कोहोल लागलेल्या बोटाने एका क्षणात पुसलं जातं. अशा अकरा अनाम नळ्या मी अजून ठेवल्या आहेत, फेकवत नाहीत.

ईडीटीए हा गोठणरोधक बहुतेक जण सवयीने उचलतात. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला बांधून ठेवतो, त्यामुळे हे दोन्ही आणि अल्कलाइन फॉस्फेटेझ हे विकर खोटं कमी दिसतं. पोटॅशियमचा ईडीटीए असेल तर पोटॅशियम खोटं जास्त. काही प्रजातींच्या लाल पेशी त्यात फुटतातही. रसायनासाठी हेपॅरिनच बरा.

४. पकडणं, म्हणजे घड्याळ सुरू होणं

माशाला धोका जाणवला की ॲड्रिनॅलिनच्या जातीची संप्रेरकं काही सेकंदांत रक्तात येतात. कॉर्टिसॉलला काही मिनिटं लागतात, आणि बहुतेक प्रजातींत ते अर्ध्या ते एका तासात शिखर गाठतं. म्हणून पकडल्यापासून साधारण ३ मिनिटांच्या आत घेतलेल्या रक्तातलं कॉर्टिसॉल हे माशाचं 'आधीचं' मानण्याची पद्धत आहे. शांत माशात ते बहुधा ३०–४० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असतं, पुष्कळदा १०च्याही खाली. घाबरलेल्यात ३० ते ३०० पर्यंत जातं. ग्लुकोज त्याच्या मागून सावकाश चढतं आणि तासन्‌तास चढलेलं राहतं.

लॅक्टेटची गंमत वेगळी. मासा जोरात झुंजतो तेव्हा ते पांढऱ्या स्नायूत तयार होतं आणि तिथून रक्तात हळूहळू झिरपतं. झुंज संपल्यानंतरही रक्तातलं लॅक्टेट वाढतच राहतं, कधी तास-दोन तास. म्हणजे गळावरून लगेच घेतलेल्या रक्तात ते कमी दिसलं म्हणून मासा दमला नाही असं समजू नका. प्लेससारखे चपटे मासे तर लॅक्टेट स्नायूतच धरून ठेवतात. त्यांच्या रक्तात ते शोधत बसण्यात अर्थ नाही.

पद्धतींबद्दल माझं मत असं: गळ सगळ्यात बरा, कारण मासा लागल्याचा क्षण कळतो. वेढा घालून ओढायचं जाळंही चालतं, एका वेळी थोडे मासे आले तर. वीज सोडून धरलेल्या माशाचे स्नायू आकसतात आणि त्याची खूण रक्तात उरते. पण सगळीकडे तीच पद्धत वापरली तर तुलना करता येते. गिलनेटमध्ये (उभं टांगलेलं जाळं, मासा त्यात कल्ल्यांपाशी अडकतो) मासा दहा मिनिटांपूर्वी अडकला की सहा तासांपूर्वी, हे कुणीच सांगू शकत नाही. गिलनेटशिवाय गत्यंतर नसेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी जाळं तपासा, नाहीतर ताणाच्या मोजमापांचा नाद सोडा.

पहिलं स्टॉपवॉच मासा लागताच चालू करायचं. दुसरं तो पाण्याबाहेर आला की. प्रत्येक माशासमोर तीन कालावधी लिहा: लागल्यापासून हातात येईपर्यंत, हवेत किती सेकंद, आणि हातात आल्यापासून रक्त सिरिंजमध्ये येईपर्यंत. एक जण फक्त वेळ लिहायला ठेवा, दुसरं काही त्याला सांगू नका. हौसेने तो मासा धरायला पुढे येतोच. त्याला मागे ढकला.

पाण्याचं तापमान, विरघळलेला ऑक्सिजन, क्षारता किंवा विद्युतवाहकता आणि दिवसाची वेळ हेही त्याच पानावर. थंड रक्ताच्या प्राण्याचं रसायन तापमानाला बांधलेलं असतं, आणि कॉर्टिसॉल दिवसाच्या प्रहरांप्रमाणे वर-खाली होतं.

५. भूल

तीन मिनिटांत आटपणार असेल तर देऊ नका. भुलीच्या टाकीत मासा आडवा होईपर्यंतच ती तीन मिनिटं संपतात, आणि बहुतेक औषधं स्वतःच ग्लुकोज आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) हलवतात. मासा मोठा असेल, काटे विषारी असतील किंवा समितीची अट असेल तर द्यावीच लागते. एमएस-२२२ गोड्या पाण्यात आम्लधर्मी होतं; खाण्याचा सोडा घालून सामू पूर्वपदावर आणल्याशिवाय मासा त्यात टाकू नका. बऱ्याच शार्क उलट्या केल्या की आपसूक निपचित पडतात, तिथे औषधाची गरजच पडत नाही.

६. सुई

हे वाचून येत नाही, हाताला यावं लागतं. तरी काय जाणवायला हवं ते सांगतो. पहिले वीस मेलेल्या, ताज्या माशांवर गिरवा. त्यांत रक्त धडपणे येत नाही, पण कणा कुठे आहे ते बोटांना कळतं.

मासा ओल्या फोमच्या खाचेत पोट वर करून ठेवा. डोळ्यांवर ओलं फडकं. अंधार झाला की तो बराच शांत होतो. शक्य तर डोकं आणि कल्ले पाण्यातच राहू द्या. आता गुदद्वारामागचा पर बघा. तो संपतो तिथून थोडं मागे, शेपटीकडे, पोटाच्या मधल्या रेषेवर यायचं. खवले मोठे असतील तर सुईचं टोक खवल्याच्या कडेखालून सरकवा. खवल्यातून आरपार घुसवायला गेलात तर सुई तुंबते.

शेपटीच्या मणक्यांना खालच्या बाजूने हाडाची कमान असते आणि तिच्यातून शीर व धमनी जोडीने जातात. सुई सरळ कण्याकडे न्या, ढकलू नका, जाऊ द्या. कणा लागला की बोटांना बारीक, कडक 'टक' जाणवतो. तिथे थांबा. केसभर मागे या आणि दट्ट्या जरासा ओढा. सुईच्या बुडाशी गडद लाल ठिपका दिसला की हात तसाच स्थिर ठेवा आणि अगदी सावकाश ओढत राहा. घाई केली की शीर चिकटून बंद होते आणि लाल पेशी फुटतात. काहीच आलं नाही तर सुई बाहेर न काढता जरा फिरवा, मिलिमीटरभर आत-बाहेर करा.

मासा उलटा करता येत नसेल तर बाजूने, पार्श्वरेषेच्या किंचित खालून, कण्याच्या खालच्या कडेवर नेम धरून टोचतात. या वाटेत स्नायू जास्त लागतो.

आता सापळे.

नळीत आलेला द्रव फिकट, पाणचट असेल तर ते ऊतींमधलं पाणी किंवा लसिका आहे. टाकून द्या, 'थोडं रक्त तरी आहे' म्हणून ठेवू नका. सुई स्नायूतून जाते, म्हणून क्रिएटिन कायनेझ हे स्नायूंतलं विकर वाढलेलं दिसलं तर आधी स्वतःच्या हातावर संशय घ्या. या जागेतून कधी शिरेचं, कधी धमनीचं आणि पुष्कळदा दोन्हींचं मिश्रण येतं. तेव्हा रक्तातल्या ऑक्सिजनच्या दाबावर मोठे निष्कर्ष काढू नका. द्रव हेपॅरिन सिरिंजमध्ये ओढून पूर्ण बाहेर काढा. सुईच्या पोकळीत आणि भिंतींना राहील तेवढा पुरतो. जास्त ठेवलात तर रक्त पातळ होतं आणि सगळेच आकडे खाली येतात. आणि नळीत ओतताना सुई काढून घ्या. बारीक सुईतून रक्त जोराने बाहेर ढकलणं हा पेशी फोडायचा हमखास उपाय आहे.

किती घ्यायचं? हाडांचा सांगाडा असलेल्या माशात रक्त वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के असतं. अर्ध्या किलोच्या माशात समजा २० मिलिलिटर. त्याच्या दहाव्या हिश्शाच्या पुढे जाऊ नये, म्हणजे २ मिलिलिटर ही कमाल. मी १ वर थांबतो. पन्नास ग्रॅमच्या माशाकडून मिळेल ते थेंबातच, आणि तेवढ्यात काय मोजायचं ते पहिल्या पायरीतल्या वाक्याने ठरवलेलं असायला हवं.

तीनदा प्रयत्न करूनही आलं नाही तर मासा सोडा. चौथ्यांदा टोचून मिळालेल्या रक्तात तुमचाच अट्टाहास मोजला जाईल. सुई काढल्यावर अंगठ्याने अर्धा-एक मिनिट दाब, मग वाहत्या पाण्याच्या टाकीत, आणि स्वतःहून सरळ पोहायला लागला की बाहेर.

७. जागेवरच मोजायचं ते

माशाच्या लाल पेशींना केंद्रक असतं. त्या नळीतही जिवंत असतात आणि ग्लुकोज खात राहतात. म्हणून ग्लुकोज आणि लॅक्टेट तिथेच मोजलेलं बरं.

माणसांसाठी बनवलेलं ग्लुकोमीटर चालतं, पण बहुधा प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा कमी दाखवतं, कारण त्याचं गणित माणसाच्या रक्तासाठी बांधलेलं असतं. तुमच्या प्रजातीचे पंधरा-वीस नमुने दोन्हीकडे मोजून फरक काढून ठेवा. तोवर त्या यंत्राचा आकडा एका माशाची दुसऱ्याशी तुलना करायला वापरा, निरपेक्ष म्हणून छापू नका. गारठ्यात यंत्र चूक दाखवून बंद पडतं, ते खिशात ठेवा. काडतुसावर चालणारी रक्तवायूंची यंत्रं नमुना ३७ अंशांपर्यंत तापवतात. मासा बारा अंशांत राहणारा असेल तर सामू आणि वायूंचे आकडे त्याच्या तापमानाला दुरुस्त केल्याशिवाय निरर्थक.

हिमॅटोक्रिटसाठी केशनळी दोन-तृतीयांश भरा, मातीने बंद करा, पाच मिनिटं फिरवा. वरचा द्रव कसा दिसतो ते नळी टाकण्याआधी लिहा: स्वच्छ पिवळसर, दुधाळ, की गुलाबी. गुलाबी म्हणजे लाल पेशी फुटल्या. दुधाळ म्हणजे चरबी. मासा नुकताच जेवला असावा, आणि रिफ्रॅक्टोमीटर प्रथिनं खोटी जास्त दाखवणार.

सिरिंजमधल्या रक्ताचा रंगही बघा. चॉकलेटसारखं तपकिरी दिसलं तर पाण्यात नायट्राइट आहे का ते लगेच तपासा. ते हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेता न येणाऱ्या रूपात बदलतं. कल्ल्यांतून ते क्लोराईडच्याच वाटेने आत शिरतं, त्यामुळे कमी क्लोराईडच्या पाण्यात हा त्रास जास्त.

८. प्लाझ्मा (पेशींवरचा द्रव) वेगळा करा, पण खालचं फेकू नका

अर्ध्या तासाच्या आत सेंट्रिफ्यूज. तोवर नळ्या बर्फाच्या पेटीत, पण बर्फाला न चिकटता. रक्ताचा बर्फ झाला की पेशी फुटतात. मी सीरमच्या, म्हणजे रक्त साकळू दिल्यावर उरणाऱ्या द्रवाच्या, भानगडीत पडत नाही: रक्त गोठेपर्यंत ग्लुकोज कमी होतं आणि पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं.

प्लाझ्मा छोट्या छोट्या भागांत विभागून गोठवा, म्हणजे एकच नळी तीनदा वितळवावी लागणार नाही. कॉर्टिसॉल उणे २० अंशांतही टिकतं. विकरं मोजायची असतील तर उणे ८०.

खाली उरलेल्या लाल पेशी नवखे लोक फेकून देतात. केंद्रक असल्याने त्यांच्यात भरपूर डीएनए असतो. शिवाय डेल्टा-अलाड हे विकर त्यांच्यातच असतं. शिसं ते बंद पाडतं, आणि माशाच्या अंगात शिसं गेल्याची ही पक्की खूण मानली जाते. वेगळ्या नळीत गोठवून ठेवा, जागा फार लागत नाही.

९. प्रयोगशाळेशी बोलणं

प्रयोगशाळा माणसांची किंवा कुत्र्या-मांजरांची असेल तर अहवालावर 'नॉर्मल' आणि 'ॲबनॉर्मल' असे शिक्के छापून येतील. ते खोडा. पेशी मोजणारं स्वयंचलित यंत्र वापरू नका असं आधीच सांगा. केंद्रक असलेली लाल पेशी त्याला पांढरी वाटते. हिमोग्लोबिनसाठी द्रावणातली केंद्रकं फिरवून खाली बसवावी लागतात, नाहीतर गढूळपणामुळे आकडा चढतो.

नेहमीच्या यादीतल्या दोन गोष्टींवर तर पैसे घालूच नका, असं मी म्हणेन. हाडांचे मासे नत्राचा कचरा मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून टाकतात, म्हणून युरिया आणि क्रिएटिनिनवरून त्यांच्या मूत्रपिंडाबद्दल फारसं कळत नाही. एएलटी, एएसटी ही 'यकृताची' विकरं माशात स्नायूंसह इतर अवयवांतही असतात. ती वाढली म्हणून यकृत बिघडलं असं म्हणता येत नाही. पेशी फुटलेल्या नमुन्यात एएसटी आणि पोटॅशियम दोन्ही चढतात, तेव्हा गुलाबी नळ्यांचे ते आकडे गाळा.

१०. आकडे वाचणं

*क्षार.* नदीतल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं, समुद्रातल्या माशाचं समुद्राच्या जेमतेम एक-तृतीयांश. दोघेही रात्रंदिवस हा फरक टिकवण्यासाठी खपत असतात. ताण आला किंवा कल्ले बिघडले की तो टिकत नाही: नदीतल्या माशाचं क्लोराईड आणि सोडियम उतरतं, समुद्रातल्याचं चढतं. बिघाड एकच, आकड्यांची दिशा उलटी. खाडीत काम करत असाल तर त्या दिवशीची क्षारता माहीत नसताना क्लोराईडचा अर्थ लावूच नका. शार्क आणि पाकट यांचा तिसराच मामला. ते रक्तात युरिया साठवून समुद्राशी बरोबरी करतात. त्यांच्यासाठी लिटरमागे ३५० मिलिमोलच्या आसपासचा युरिया निरोगी असतो, आणि तोच युरिया रिफ्रॅक्टोमीटरलाही फसवतो.

*हिमॅटोक्रिट.* बऱ्याच माशांत २० ते ४५ टक्के. कमी असेल तर रक्तस्राव, परजीवी, उपासमार. जास्त असेल तर मात्र थांबा. ताणात प्लीहा साठवलेल्या पेशी सोडते, आणि पेशी स्वतःही फुगतात. कोणतं झालं ते हिमोग्लोबिनने कळतं. समजा शांत माशात हिमोग्लोबिन ८ ग्रॅम प्रति डेसिलिटर आणि हिमॅटोक्रिट ३० टक्के. भागाकार करून शंभराने गुणलं की सुमारे २७. झुंजलेल्या माशात हिमॅटोक्रिट ३६, हिमोग्लोबिन मात्र ८च: आता २२. पेशी वाढल्या नाहीत, फुगल्या. हिमोग्लोबिनही ९.६ झालं असतं तर भागाकार २७च राहिला असता, म्हणजे प्लीहेने साठवलेल्या पेशी सोडल्या. एवढ्यासाठी हिमोग्लोबिन मोजायचा कंटाळा करू नये. (अंटार्क्टिकातल्या आइसफिशना हिमोग्लोबिनच नसतं, रक्त जवळजवळ पारदर्शक. हे १९५४ साली जीवशास्त्रज्ञ रूड यांनी शास्त्रीयदृष्ट्या मांडलं. तुमच्या जाळ्यात ते येण्याची शक्यता कमीच.)

*प्रथिनं, ट्रायग्लिसराइड, कॅल्शियम.* उपासमारीत पहिली दोन उतरतात. पण त्याआधी लिंग बघा. गाभोळी धरणाऱ्या मादीचं यकृत व्हिटेलोजेनिन नावाचं प्रथिन रक्तात सोडतं आणि ते कॅल्शियमला बांधून आणतं. तिचं एकूण कॅल्शियम नराच्या कितीतरी पट होतं, प्रथिनंही वाढतात. नर-मादी एकत्र करून सरासरी काढलेला तक्ता मी पाहिला आहे, आणि सांगायला लाज वाटते, केलाही आहे. उलट नरात व्हिटेलोजेनिन सापडलं तर ती फार मोलाची खूण: पाण्यात मादी-संप्रेरकासारखं काहीतरी आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या पाहणीत सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतून सुटणाऱ्या पाण्यात पिंजऱ्यात ठेवलेल्या ट्राउट माशांत ते प्रचंड वाढलेलं आढळलं होतं.

*कॉर्टिसॉल.* कमी म्हणजे निवांत, असं दरवेळी नसतं. दीर्घकाळ ताणाखाली राहिलेल्या माशाची प्रतिक्रियाच थकते. त्याला मुद्दाम त्रास दिला तरी ते फारसं चढत नाही. म्हणून जमल्यास एकाच ठिकाणचे काही मासे लगेच आणि काही अर्धा तास टाकीत ठेवून मोजा. दोन गटांतला फरक एकट्या आकड्यापेक्षा जास्त बोलतो. शार्कमध्ये कॉर्टिसॉल शोधू नका, त्यांचं ताणाचं मुख्य संप्रेरक वेगळं आहे.

रक्तासोबत लांबी आणि वजन हवंच. वजन ग्रॅममध्ये, भागिले सेंटिमीटरमधल्या लांबीचा घन, गुणिले शंभर: मासा लांबीच्या मानाने किती भरलेला आहे ते यातून कळतं. या जुन्या, फुकटच्या आकड्याशी रक्ताचा मेळ बसत नसेल तर पुन्हा वहीकडे वळा.

११. 'नॉर्मल' कुठून आणायचं

दुसऱ्याच्या तक्त्यातून नाही, निदान एकट्या त्यावरून नाही. संदर्भमर्यादा ठरवायला १२० निरोगी प्राणी असावेत अशी शिफारस आहे. मोकळ्या पाण्यात एकाच प्रजातीचे, एकाच मोसमातले, एकाच पद्धतीने धरलेले १२० मासे मिळाले तर कळवा. व्यवहारात आपण त्याच आठवड्यात, त्याच जाळ्याने, तितक्याच वेळात, तुलनेने स्वच्छ पट्ट्यातून मासे धरतो आणि त्यांच्याशी ताडून बघतो. दोन्ही ठिकाणी हाताळणीच्या वेळा सारख्या आल्या का, हे आधी तपासा. एका काठावर बोट लावायला सोपं आणि दुसऱ्यावर चिखल असेल, तर तुमच्या 'प्रदूषणाच्या परिणामात' चिखलातून चालत आलेली सात मिनिटं असतील.

१२. पहिली खेप

पहिल्या खेपेला नदीबद्दल काहीही शोधू नका. एकाच ठिकाणचे पंचवीस-तीस मासे धरा. पाच-सहांचं रक्त लगेच घ्या, बाकीच्यांना हवा सोडलेल्या टाकीत ठेवा आणि पाच-सहांच्या गटांत १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांनी घ्या. प्रत्येक माशाचं रक्त एकदाच. ग्लुकोज, लॅक्टेट, हिमॅटोक्रिट तिथल्या तिथे मोजून आलेखाच्या कागदावर ठिपके टाका. आडव्या अक्षावर मिनिटं. संध्याकाळपर्यंत तुमच्या जाळ्याची, तुमच्या हातांची आणि तुमच्या चमूच्या गोंधळाची एक रेघ समोर येईल. तो कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढच्या खेपेला एखाद्या माशाचं ग्लुकोज चढलेलं निघालं की आधी वहीत त्याची मिनिटं बघा, मग झाकण उघडा.